गोदीचे धनी कोण?

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सुरत’ ही विनाशिका, ‘निलगिरी’ ही फ्रिगेट आणि ‘वाघशीर’ ही पाणबुडी अशी तीन जहाजे पंतप्रधानांच्या हस्ते एकाच समारंभात आरमारात दाखल झाली. तिन्हींची बांधणी माझगाव डॉकची. त्या दिवशी या शहराचा ऊर भरून आला असेल, तर ते सर्वस्वी रास्त होते. घोडपदेव, काळाचौकी, लालबाग या वस्त्यांतील किती घरांनी या गोदीला आपली दोन-दोन, तीन-तीन माणसे दिली, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. परंतु त्या माणसांच्या हातांची नोंद त्या जहाजांच्या पोलादावर कायमची झालेली आहे.

याच गोदीतून दर ३ महिन्यांनी आणखी एक वस्तू बाहेर पडते. तिच्यासाठी बँड वाजत नाही आणि नारळही फुटत नाही. तो एक कागद असतो. ‘भागधारणेचे पत्रक’ असे त्याचे रुक्ष नाव आहे आणि या कंपनीचे धनी त्या तिमाहीअखेर कोणकोण होते, हे तो आकड्यांत सांगतो. शेअरबाजारातील दलाल तो वाचतात, गुंतवणूक-संस्थांचे नोकर तो वाचतात. ज्यांच्या पैशावर या संस्था उभ्या आहेत, तो गिरगाव-दादरचा मध्यमवर्गीय मात्र तो वाचीत नाही. हा कागद त्याने वाचावा, आणि जे त्यात नाही ते मागून घ्यावे, एवढेच सांगण्यासाठी आज आम्ही लेखणी हाती घेतली आहे.

या गोदीची मालकी अनेकदा बदलली आहे. १७७४ साली माझगावच्या किनाऱ्यावर एक लहानशी सुकी गोदी बांधली गेली, तेथून तिचा इतिहास सुरू होतो. १९३४ साली तिची खाजगी कंपनी झाली. पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या विलायती आगबोट-कंपन्यांच्या छत्राखाली तिने जहाजांची डागडुजी केली. १९६० साली भारत सरकारने ती आपल्या ताब्यात घेतली. १९६८ साली पहिली ‘निलगिरी’ पाण्यात उतरली आणि १९७२ साली ती आरमारात गेली. तेव्हापासून ‘गोदी कोणाची?’ या प्रश्नाला एकच उत्तर होते: सरकारची, म्हणजे देशाची. त्या काळी पत्रकाची गरजच नव्हती.

ऑक्टोबर २०२० मध्ये या उत्तरात पहिला बदल झाला. सरकारने आपल्या मालकीचा सुमारे १५ टक्के भाग जनतेस विकला. दर शेअरास १४५ रुपये आणि एकूण उत्पन्न सुमारे ४४४ कोटी रुपये. विक्रीस काढलेल्या शेअरांच्या १५७ पट मागणी आली. १२ ऑक्टोबर रोजी शेअरबाजारात कंपनीची नोंद झाली आणि सरकारचा वाटा ८४.८३ टक्के उरला. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये १० रुपयांच्या एका शेअराचे ५ रुपयांचे दोन शेअर झाले; म्हणजे मूळचे १४५ रुपये नव्या हिशेबाने साडेबहात्तर रुपये ठरले. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने पुन्हा थोडा भाग विकला, तेव्हा किमान भाव ठेवला होता २,५२५ रुपये. साडेबहात्तराचे २,५२५, म्हणजे साडेचार वर्षांत सुमारे ३५ पट! पहिल्या खेपेस १५ टक्के देऊन साडेचारशे कोटीही हाती आले नव्हते. दुसऱ्या खेपेस साडेतीन टक्क्यांच्या आसपास देऊन साडेतीन हजार कोटींहून अधिक आले. बाजाराची तेजी आणि लढाऊ जहाजांच्या मागणीविषयीची वाढलेली आशा ही त्याची कारणे होत. मागाहून शहाणपण सांगणे सोपे असते, म्हणून २०२० च्या दरावर आम्ही आज वाद घालीत नाही. आमचे लक्ष आहे ते दुसऱ्या विक्रीनंतरच्या पत्रकाकडे.

जून २०२५ अखेरच्या त्या पत्रकात दोन आकडे आहेत. सरकारचा वाटा ८४.८३ वरून ८१.२२ टक्क्यांवर आला, हा पहिला. दुसरा आकडा त्याहून बोलका आहे. त्या यादीत भारतीय आयुर्विमा महामंडळाचे नाव ३.२७ टक्क्यांसह आले. आदल्या तिमाहीच्या यादीत ते नव्हते. सरकारच्या हातून ३.६१ टक्के गेले आणि त्याच ३ महिन्यांत ज्या महामंडळाची बहुतांश मालकी सरकारचीच आहे त्याच्या हाती ३.२७ टक्के आले! सरकारखेरीज इतरांकडे जेवढी मालकी होती, तिचा सहाव्या हिश्शाहून अधिक भाग या एकाच संस्थेकडे गेला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. महामंडळाने हे शेअर सरकारच्या विक्रीतच घेतले की खुल्या बाजारात थोडेथोडे जमविले, हे पत्रक सांगत नाही. पत्रक म्हणजे तिमाहीच्या शेवटच्या दिवशीची शिल्लक. दुकानदाराच्या वहीतील शिल्लक पाहून माल कोणाकडून, कोणत्या दिवशी आणि काय भावाने आला हे कळत नाही, तसेच हे. महामंडळाने काही गैर केले, असे म्हणण्यास तिळमात्र आधार नाही. विमेदारांचा पैसा चांगल्या उद्योगात गुंतविणे हे त्याचे कर्तव्यच होय, आणि माझगाव डॉक हा चांगला उद्योग नव्हे असे कोण म्हणेल? तरीही प्रश्न उरतोच. सरकारने ‘जनतेस’ म्हणून विकलेली मालमत्ता जेव्हा सरकारी छत्राखालच्याच संस्थेकडे जाऊन पोहोचते, तेव्हा ती एका खिशातून दुसऱ्या खिशात गेली की खरोखर बाजाराच्या कसोटीस उतरली? दुसऱ्या खिशातला पैसा विमेदाराचा आहे. म्हणून हा प्रश्न विचारण्याचा पहिला हक्कही त्याचाच आहे.

हा प्रश्न या शहराला नवा नाही. माझगावला लागूनच भायखळा आहे आणि तेथे रिचर्डसन अँड क्रडास ही पोलादकामाची जुनी कंपनी होती. १९५७ च्या जून महिन्यात आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्या वर्चस्वाखालील ६ कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. त्या सहांत ही भायखळ्याची कंपनीही होती. महामंडळाची स्थापना होऊन तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते. गुंतवणुकीविषयी सल्ला देणाऱ्या समितीस विचारण्यात आले नव्हते. लोकसभेत फिरोझ गांधी यांनी हे प्रकरण डिसेंबर १९५७ मध्ये उघडे केले. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्याची जाहीर चौकशी केली. आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. त्या सव्वा कोटींचा हिशेब मिळविण्यासाठी संसद, न्यायमूर्ती आणि एका मंत्र्याचे पद एवढे सर्व खर्ची पडले. आजची माझगावची खरेदी आणि ते प्रकरण यांची जात एक नव्हे. एका बाजूस बुडत्या कंपन्या होत्या, दुसऱ्या बाजूस भरभराटीची गोदी आहे. धडा मात्र एकच आहे: संस्थेच्या हातातील पैसा परक्याचा असतो, आणि परक्याच्या पैशाचा हिशेब उजेडात ठेवावा लागतो.

तेव्हापासून कायदा पुष्कळ पुढे आला, हे मान्य केले पाहिजे. १९९२ च्या रोखे-घोटाळ्याने सेबीस दात दिले. त्याच वर्षी परकीय गुंतवणूक-संस्थांना आपल्या बाजाराची दारे उघडली गेली आणि १९९६ नंतर कागदी शेअरांची जागा डिपॉझिटरीतील नोंदींनी घेतली. आजच्या नियमांप्रमाणे बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीने तिमाही संपल्यापासून २१ दिवसांत आपले पत्रक प्रसिद्ध करावे लागते. त्यात एका बाजूस प्रवर्तक, दुसऱ्या बाजूस जनता. जनतेत पुन्हा म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, बँका, परकीय गुंतवणूकदार आणि किरकोळ भागधारक असे पोटभाग. १ टक्का वा त्याहून अधिक वाटा असलेल्याचे नाव द्यावे लागते. कोणाचा वाटा ५ टक्क्यांवर गेला, तर २ कामाच्या दिवसांत ते जाहीर करावे लागते. हे सर्व फुकट पाहावयास मिळते. १९५८ मध्ये जे समजण्यास न्यायमूर्ती बसवावे लागले, ते आज घरबसल्या दिसते. मग पाहत का नाही?

आमच्या मते याचे कारण ‘संस्था’ या शब्दात आहे. संस्था म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फोर्टातील वा वांद्र्याच्या नव्या वसाहतीतील काचेच्या इमारती उभ्या राहतात आणि त्यांच्याशी आपला काही संबंध नाही, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. विम्याचा हप्ता भरणारा कारकून, म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम घालणारी शिक्षिका, पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जाणारा कामगार, या सर्वांचे मिळून जे होते त्याचेच नाव संस्था. भविष्य निर्वाह निधीतील नव्या ठेवींचा काही अंशही ऑगस्ट २०१५ पासून निर्देशांकावर चालणाऱ्या फंडांतून शेअरबाजारात जातो. म्युच्युअल फंडांतील मासिक हप्त्यांची रक्कम २०२५ मध्ये दरमहा २५ हजार कोटी रुपयांच्या वर राहिली. त्याच वर्षीच्या मार्चअखेर देशी संस्थांचा शेअरबाजारातील वाटा परकीय संस्थांच्या वाट्याहून मोठा झाला. गेल्या दोन दशकांत असे प्रथमच घडले. एके काळी विलायतेतून पैसा काढून घेतला की दलाल स्ट्रीटवर धरणीकंप होई. आता तो धक्का पेलण्यासाठी आपल्याच घराघरांतील बचत उभी आहे. ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु धक्का पेलणाऱ्याने आपण काय पेलतो आहोत हे जाणले पाहिजे. २००१ च्या जुलै महिन्यात युनिट ट्रस्टच्या ‘युनिट ६४’ योजनेची खरेदी-विक्री बंद झाली, तेव्हा निवृत्तीचा पैसा त्यात ठेवलेल्या कित्येक घरांना ट्रस्टने तो कोठे घातला होता याची प्रथमच चौकशी करावीशी वाटली. तोवर उशीर झाला होता.

पत्रक वाचा म्हणताना एका धोक्याचीही सूचना दिली पाहिजे. अमुक मोठ्या फंडाने शेअर घेतला, तमुक नामांकित गुंतवणूकदाराचे नाव यादीत दिसले, एवढ्यावरून धावत जाऊन तो शेअर घेणारे पुष्कळ असतात. मोठ्यांच्या पावलावर पाऊल टाकणे ही येथे शहाणपणाची रीत नव्हे. तिमाही संपून २१ दिवसांनी हाती आलेला कागद हा शिळा कागद असतो. अमेरिकेत तर मोठ्या गुंतवणूक-संस्थांना अशी माहिती देण्यासाठी ४५ दिवसांची मुदत आहे. मधल्या काळात तो मोठा पाहुणा जेवून उठूनही गेलेला असतो आणि आपण पाटावर बसावयास जातो! शिवाय निर्देशांकावर चालणारा फंड कंपनी चांगली म्हणून शेअर घेत नाही. ती निर्देशांकात आहे म्हणून घेतो. त्याच्या खरेदीस मताचे मोल नाही. पत्रकाचा उपयोग भाव ओळखण्यासाठी नाही, धनी ओळखण्यासाठी आहे, हे विसरणाऱ्यास ते न वाचलेलेच बरे.

आणि धनी ओळखणे तरी सर्वत्र सोपे आहे काय? देशी संस्थेच्या नावामागे कोण आहे ते कळते. परकीय संस्थेच्या नावामागे दुसरी संस्था, तिच्यामागे एखाद्या बेटावरील तिसरी, असे पडद्यामागे पडदे असू शकतात. जानेवारी २०२३ मध्ये एका अमेरिकी संशोधन-संस्थेने अदानी समूहावर आरोप केले आणि समूहाने ते फेटाळले. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती अभय सप्रे यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञसमिती नेमली. ज्या परकीय गुंतवणूकदारांची सेबी चौकशी करीत होती, त्यांच्या अंतिम लाभार्थींपर्यंत तिला पोहोचता आलेले नाही, असे त्या समितीच्या अहवालातून दिसून आले. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये सेबीने नियम केला: ज्या परकीय गुंतवणूकदाराची निम्म्याहून अधिक भारतीय गुंतवणूक एकाच उद्योगसमूहात आहे, अथवा जिची एकूण रक्कम २५ हजार कोटींवर आहे, त्याने शेवटच्या माणसापर्यंतची मालकी उघड करावी. २०२५ मध्ये ही २५ हजार कोटींची मर्यादा दुप्पट करून ५० हजार कोटींवर नेण्यात आली. साबणाच्या कारखान्यापुरते हे चालून जाईल. जी गोदी पाणबुड्या बांधते, तिच्या भागधारकांच्या यादीत एकही नाव असे असू नये की ज्याचा चेहरा नियामकास ठाऊक नाही. रक्कम लहान आहे, ही सबब येथे लागू पडत नाही.

आणखी एक मुद्दा उरतो, तो मताचा. मालकी म्हणजे लाभांश आणि भाव एवढेच नव्हे. सभेत हात वर करण्याचा तो अधिकार आहे. कंपनीच्या विशेष ठरावास विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते लागतात, आणि ८१ टक्क्यांच्या धन्यास ती एकट्याच्या बळावर मिळतात. मग ३ टक्क्यांच्या महामंडळाने मत दिले काय अन् न दिले काय, असे कोणी म्हणेल. आम्हास ते पटत नाही. मत हरले तरी त्याची नोंद राहते, आणि नोंदलेला विरोध पुढील वेळी धन्यास विचार करावयास लावतो. एप्रिल २०२२ पासून म्युच्युअल फंडांवर सर्व ठरावांत मत देणे बंधनकारक झाले आहे, आणि ते कसे दिले हे त्यांना प्रसिद्धही करावे लागते. विमा कंपन्यांसाठी विमा-नियामकाने २०१७ साली तशीच संहिता घालून दिली. परंतु ही मते ज्या तक्त्यांत प्रसिद्ध होतात ते तक्ते वाचणे म्हणजे रेल्वेचे जाडजूड वेळापत्रक पाठ करण्यासारखे आहे. प्रसिद्ध केलेले आणि समजलेले यांत फार अंतर असते. वर्गात फळ्यावर गणित लिहिले म्हणजे मुलांना ते आले, असे मानणारा शिक्षक जसा, तसाच हा नियम.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत आणि त्या भारी नाहीत. सरकार जेव्हा आपल्या कंपनीचा भाग बाजारात विकते, तेव्हा त्या विक्रीत कोणत्या संस्थेने किती शेअर घेतले याची यादी विक्रीनंतर १५ दिवसांत सरकारने स्वतः प्रसिद्ध करावी. तोवर सौदा पुरा झालेला असतो, त्यामुळे भाव फुटण्याची भीती दाखविता येणार नाही. दुसरी, आयुर्विमा महामंडळ आणि प्रत्येक म्युच्युअल फंड यांनी वर्षातून एकदा विमेदारास वा ठेवीदारास त्याच्या भाषेत एक पान पाठवावे: तुमचा पैसा कोणत्या १० कंपन्यांत सर्वांत अधिक आहे आणि तेथे आम्ही कोणत्या ठरावांस विरोध केला. हप्ता थकल्याची सूचना वेळेवर घरी येऊ शकते, तर हे एक पान का येऊ नये? तिसरी, संरक्षणसामग्री बनविणाऱ्या प्रत्येक नोंदलेल्या कंपनीत १ टक्क्याहून अधिक वाटा असलेल्या परकीय संस्थेचा अंतिम धनी, रकमेची मर्यादा न पाहता, सेबीकडे नोंदलेला असावा.

या मागण्या आजच केल्या पाहिजेत असे आम्हास वाटते, कारण ही विक्री येथे थांबणारी नाही. नोंदलेल्या कंपनीत किमान २५ टक्के मालकी जनतेकडे असावी असा नियम आहे. सरकारी कंपन्यांसाठी त्याची मुदत पुनःपुन्हा वाढवीत ऑगस्ट २०२६ पर्यंत आणण्यात आली. ८१ वरून ७५ पर्यंतची वाट म्हणजे या गोदीचा आणखी ६ टक्के भाग, आणि २०२५ च्या भावाने त्याची किंमत काही हजार कोटी होते. तो भाग घेणार कोण, तर बहुतांशी पुन्हा संस्थाच. आणि संस्थांचा पैसा पुन्हा आपलाच. तेव्हा त्या विक्रीपूर्वीच हा उजेड मागितला पाहिजे. नंतर मागणे म्हणजे वरात गेल्यावर घोडे शोधणे होईल.

शेवटी वाचकांस एक विनंती. आपल्या विम्याची पावती कपाटात नीट ठेवलेली असते आणि फंडाचा उताराही कोठेतरी असतो. वर्षातून ४ वेळा त्यांच्या शेजारी हे पत्रकही ठेवावे. ते समजण्यास पदवी लागत नाही. शाळेत शिकलेली टक्केवारी पुरते. गेल्या वेळी कोण होते, या वेळी कोण आले, कोण गेले, एवढे ३ प्रश्न त्याला विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर आपल्या विमा-प्रतिनिधीस, आपल्या फंडास, आपल्या खासदारास पत्र लिहावे. गोदीतील कामगाराने आपले काम चोख केले आहे, याची साक्ष तीन जहाजे देत आहेत. धन्याचे काम मात्र धन्यानेच करावयाचे असते, आणि त्या धन्यांत आता वाचकही एक आहेत.